रेवाईसाठी तीन ठोके

मुझोंडिवाचा एक म्बिरा माझ्या कपाटावर पडून आहे. आल्यागेल्याची नजर तिकडे जातेच. "वाजवता का, बाई?" असं कुणी विचारलं की मी नाही म्हणते आणि चहा ओतायला लागते. एकतीस वर्षं मी शाळेत शिकवलं, बोलण्यात मला या गावात कुणी हरवलेलं नाही. या एका प्रश्नाला मात्र माझ्याकडे धड उत्तर नाही.

मुझोंडिवा म्हणजे आमच्या मुरेवाच्या बाजूचा म्बिरा करणारा. मोडीत निघालेल्या गाड्यांच्या सीटमधल्या स्प्रिंगा आणून, तापवून, ठोकून तो त्यांच्या चपट्या पट्ट्या करायचा आणि लाकडाच्या फळीवर ओळीने बसवायचा. वाजवायच्या अंगठ्यांनी. फळी एका मोठ्या भोपळ्याच्या पोटात ठेवायची, म्हणजे आवाज घुमतो. आणि भोपळ्याच्या काठाला बाटल्यांची पत्र्याची झाकणं ओवायची, म्हणजे प्रत्येक सुरामागे झर्रर्र अशी थरथर उठते. ती थरथर नसेल तर आमच्याकडे त्याला वाजवणं म्हणतच नाहीत. गेलेली माणसं त्या थरथरीचा माग काढत घरी येतात, असं आम्ही मानतो. मीही मानते, शिकलेली असून मानते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी तोंडात बोटं घालायला नको.

माणूस उंच, जरा वाकलेला, खिशात कायम कानस. बोलायला अगदी कमी. मुलगी चार वर्षांची असताना बायको जोहान्सबर्गला धुण्याभांड्यांच्या कामाला गेली, ती तिकडचीच झाली. त्यावर त्याने कधी तोंड वाकडं केलं नाही. "थकली होती ती," एवढंच म्हणायचा. घरात मग तो, त्याची म्हातारी आई आणि ही एकुलती एक रेवाई.

रेवाईला आवाज टोचायचे. हे आज मी इतक्या सरळ सांगते, तेव्हा आम्ही "पोरगी वाया गेली" म्हणून मोकळे व्हायचो. भांड्यावर झाकण पडलं, कोंबडा आरवला, बसने भोंगा दिला, इतकंच काय, नव्या कापडाची सळसळ झाली तरी तिला त्रास. कानांवर हात, डोळे घट्ट मिटलेले, आणि फारच झालं तर स्वतःच्या डोक्यावर तळहात मारून घ्यायची. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी तपासून सांगितलं, "कान उत्तम आहेत. आपल्याला येतं त्याच्या दहापट हिला ऐकू येत असेल." औषध विचारलं तर त्यांनी नुसती मान हलवली.

आता आमच्याकडची पंचाईत बघा. आमच्याकडे मान द्यायचा तो टाळ्यांनी. कुणाच्या फाटकाशी आलात, टाळ्या. थोरांसमोर बसलात, टाळ्या. जेवणाचं ताट हातात घेताना, टाळ्या. बायकांनी हातांची ओंजळ करून वाजवायच्या, त्याचा आवाज खोल येतो, मला तर फार गोड वाटतो. रेवाई टाळी ऐकली की पाठ फिरवून पळायची. लोक म्हणायचे, "काय उद्धट आहे ही मुझोंडिवाची मुलगी!"

मी तरी कुठे वेगळी होते? सहा वर्षांची झाली तेव्हा तो तिला शाळेत घेऊन आला. आमची घंटा म्हणजे झाडाला टांगलेली नांगराची लोखंडी तबकडी, ती मीच बडवायची. पहिल्या दिवशी तिने कान झाकले. दुसऱ्या दिवशी मी तिचे दोन्ही हात धरून खाली ओढले आणि म्हटलं, "रोज ऐकलंस की होईल सवय." तिला कपड्यातच लघवी झाली. वर्ग हसला. तिसऱ्या दिवशी मुझोंडिवा एकटाच आला, टोपी काढून म्हणाला, "बाई, रागावू नका, पण ती नाही येणार." रागवायचं त्याने, आणि वर माफी मागतोय तोच! मला इतकी लाज वाटली की मी त्याच्यावरच डाफरले.

त्याच्या घरात सगळ्यांत मोठा आवाज त्याच्याच धंद्याचा. म्हणून लोखंड ठोकायला तो ओढ्याकाठी दूर, पार खालच्या वळणापाशी जायचा, म्बिरा लावायलाही तिकडेच. रेवाई दिवसभर धान्याच्या कोठारात बसून असायची. मातीच्या जाड भिंती, मक्याची पोती, वर गवताचं छप्पर. तिथे तिला बरं वाटायचं. ती दहाएक वर्षांची असतानाची गोष्ट. एका दुपारी पाऊस होता म्हणून तो घरीच एक जुना म्बिरा दुरुस्त करत बसला होता. झाकणं काढून ठेवलेली, भोपळा नाही, फळी मांडीवर, खाली घोंगडीची घडी. डावीकडच्या जाड पट्ट्या नीट लागल्या का ते बघायला तो चार सुरांची तीच ओळ पुन्हा पुन्हा वाजवत होता. कोठाराचं दार उघडलं. रेवाई बाहेर आली, त्याच्या शेजारी बसली आणि तिने फळीला मागून तळहात लावला.

"मी थांबलोच नाही, बाई," तो मला दुसऱ्या दिवशी सांगत होता. इतकं बोलताना मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. "तीच ओळ. जेवणवेळ टळून गेली. आई मक्याच्या पिठाचा साद्झा घेऊन आली, मी मानेनेच नको म्हटलं. मला धास्ती, थांबलो तर उठून जाईल."

पुढची सहा-सात वर्षं त्याने मुलीला विचारून विचारून एक म्बिरा केला. विचारून म्हणजे काय, ती दिवसाला दोन शब्द बोलली तर खूप. पण उजवीकडच्या बारीक, किनऱ्या पट्ट्या वाजल्या की ती त्याचा उजवा अंगठा धरून बाजूला करायची. त्याने त्या पट्ट्या काढून टाकल्या. एक पट्टी जरा जास्त वेळ वाजत राहायची, तिच्याकडे तिने बोट दाखवलं. त्याने तिच्याखाली घोंगडीची चिंधी कोंबली. मध्येच चाल बदललेली खपत नसे. बरोबर गाणं म्हटलेलं खपत नसे, घाई तर मुळीच नाही. तुम्हाआम्हाला ज्याचा कंटाळा येईल तेच तिला हवं असायचं, म्हणजे पुढचा सूर कुठला ते आधीच ठाऊक असणं. तेवढं असलं की तिचे खांदे खाली यायचे. भोपळ्याच्या काठाला कपाळ टेकवून ती तास तास बसायची. एकदा तर हसली. सतरा वर्षांत मी तिला हसताना पाहिलं ते त्या एकाच वेळी.

आणि ते ठोके. अचानक आलेला आवाज तिला सोसत नसे, म्हणून सुरुवात करण्याआधी तो अंगठ्याच्या पेराने फळीवर तीनदा ठोकायचा. सावकाश. म्हणजे आता मी वाजवणार आहे, आणि याच्यामागून दुसरं काही येणार नाही. ते तीन ठोके ऐकले की रेवाई कोठारातून, शेतातून, असेल तिथून उठून यायची. तिचा भरवसा असलेला आवाज जगात तेवढाच होता.

मी त्याला चिडवायची. "रेवाईचे बाबा, निम्म्या पट्ट्यांचा, बिनझाकणांचा हा म्बिरा! याच्यावर कुणाचे पूर्वज यायचे?"

"नाहीच येणार, बाई," तो म्हणायचा. "म्हणून तर बरं. आम्हा दोघांपुरतीच जागा आहे."

मग त्याची आई गेली. वर्ष झालं की गेलेल्याला घरी आणायचं असतं. नाचणीची बिअर सात दिवस लावायची, बोकड कापायचा, सकाळी थडग्यावर जाऊन बिअर ओतायची आणि वाजतगाजत त्या जिवाला अंगणात घेऊन यायचं. हे केलं नाही तर तो जीव रानात ऊनपावसात भटकत राहतो. मुझोंडिवा एकुलता एक मुलगा, त्यातून वाजवणारा. आईसाठी त्यानेच वाजवायचं, यात बोलायला जागाच नव्हती.

रेवाईने तो दिवस ओढ्यापलीकडे माझ्या घरी काढायचा असं आमचं ठरलं होतं. मी खिडक्यांना गोधड्या लावून ठेवल्या होत्या. सकाळी तिला न्यायला गेले, तर अंगणात कमरेवर हात ठेवून केरीना आत्या उभी. मुझोंडिवाची ही थोरली बहीण, मुतोकोला दिलेली. आमच्याकडे घरातल्या कार्यात आत्याचा शब्द शेवटचा.

"पोरीला कुठे नेताय?"

"माझ्याकडे. इथला गोंधळ तिला सोसायचा नाही."

"गोंधळ? माझी आई घरी येतेय, त्याला तुम्ही गोंधळ म्हणता, बाई? या पोरीला वाढवलं कुणी? आईने. हिच्यापायी बारा वर्षं माझी आई कुजबुजत बोलली. आपल्याच घरात मोठ्याने हसायची चोरी होती तिला. आणि आज ती दारात येईल, माझी नात कुठेय म्हणून विचारील, तर मी काय सांगू? मास्तरणीकडे चहा प्यायला गेलीय?"

आत्या बोलत होती ते खरंच होतं.

"आक्का, तिला त्रास होईल गं," मुझोंडिवा म्हणाला.

"मग होणार नाही असं करू. मी काय राक्षसीण आहे? थडग्यावर तू एकटा वाजव, तुझा तो मुका म्बिरा. खुळखुळे नाहीत, ढोल नाही. तिने आजीच्या डोक्याशी बिअर ओतली की बाई तिला घेऊन जातील. मग आम्ही आमचं वाजवू. चालेल?"

चालणार नाही असं कोण म्हणणार? ढोलवाल्यांनी माना डोलावल्या. बिया भरलेले खुळखुळे घेऊन बसलेल्या बायकांनी टाळ्या वाजवून होकार दिला. त्या टाळ्या ऐकूनच मला कळायला हवं होतं.

पण रेवाई कोठारातून बाहेर येईना. अंगणात पन्नाससाठ माणसं. आत्याने हाका मारल्या, दार ढिम्म. ऊन चढायला लागलं, म्हातारे खाकरायला लागले. मुझोंडिवा म्बिरा छातीशी धरून दारासमोर नुसता उभा.

आणि मी म्हटलं. दुसऱ्या कुणी नाही, मीच. "अहो, ठोके मारा ना. त्यावर येईल ती."

त्याने माझ्याकडे पाहिलं. नको म्हणाला नाही. त्याने फळीवर तीनदा ठोकलं आणि दार उघडलं.

थडगं घरामागच्या टेकाडाखाली. तो वाजवत पुढे, तीच चार सुरांची ओळ, आणि शेजारी त्याच्या भोपळ्यावर तळहात ठेवून रेवाई. लोकांनी शब्द पाळला, हे मी कबूल करते. इतकी माणसं अनवाणी चालत होती आणि कुणी खोकलंसुद्धा नाही. थडग्याशी आत्याने तिच्या हातात बिअरचा लहान भोपळा दिला. रेवाईने एक थेंब न सांडता बरोबर डोक्याच्या जागी बिअर ओतली आणि म्हणाली, "आजी." मोठ्याने, स्वच्छ. असा आवाज तिला आहे हेच आम्हाला ठाऊक नव्हतं.

एवढं ऐकल्यावर आमच्या बायका गप्प राहतील? कुणी मुद्दाम केलं नाही, शपथ घेऊन सांगते. मागून एकीला राहवलं नाही, तिने जीभ हलवून आनंदाची किलकारी दिली. मग दहा जणींनी दिल्या. खुळखुळे हलले. ढोलावर हात पडला.

रेवाई कोसळली. मातीत पडून ओरडायला लागली, आणि दोन्ही तळहात डोक्यावर, थाड थाड.

केरीना आत्या किंचाळली, "आई! आई आली हो!"

ज्याच्या अंगात येतं तो असाच पडतो आणि असाच ओरडतो. लहानपणापासून आम्ही सगळ्यांनी हेच पाहिलेलं. आणि एकदा यायला लागलं की वाजवणं थांबवायचं नसतं, उलट वाढवायचं असतं. अर्ध्यावर थांबलात तर तो जीव धड बाहेर येत नाही, धड मागे जात नाही, आणि ज्याच्या अंगात येतोय ते माणूस मोडून जातं. म्हणून त्यांनी वाढवलं. तिच्या भल्यासाठी वाढवलं. खुळखुळे पार तिच्या कानाशी आणले.

मी मुझोंडिवाकडे पाहिलं. त्याचे अंगठे चालूच होते आणि गालांवरून पाणी वाहत होतं. मी त्याचा दंड धरून ओरडले, "थांबवा ना! हा आवाजाचा त्रास आहे, दुसरं काही नाही. तुम्हाला माहीत आहे!"

"माहीत आहे," तो म्हणाला. "पण बाई, आई असली तर?"

मी त्याचा दंड सोडला. समोर आत्या मातीत लोळण घेऊन, त्या पोरीचे पाय धरून रडत होती, "आई, माझ्या लग्नात मी तुला टाकून बोलले गं, विसर ते, विसर," आणि माझ्याही मनात आलं, असलीच तर? मी गुडघे टेकले. ओंजळ केली आणि टाळ्या वाजवायला लागले. अर्धा तास तरी ते चाललं. सतरा वर्षांची मुलगी आपलं डोकं बडवत होती आणि आम्ही सगळे तिला मान देत होतो.

मग ती निपचित पडली. अंगात आलेल्याला देतात तसं आत्याने तिच्या खांद्यांवर काळं कापड घातलं, नाकाशी तपकीर धरली. लोक रडत होते, हसत होते, एकमेकांचे हात धरत होते. "म्हणूनच पोर अशी होती! कुणीतरी जुनं माणूस हिच्यात वाट शोधत होतं, म्हातारीने ती मोकळी केली." सगळ्यांना सगळं उमगलं होतं. मुझोंडिवाने तिला उचलून कोठारात नेलं, आणि त्याच्याकडे कुणाचं लक्षही नव्हतं.

त्या दिवसापासून गावात रेवाईला उद्धट म्हणण्याची कुणाची छाती नाही. रोज सकाळी फाटकाशी माणसं येतात. कुणी कोंबडी आणतं, कुणी शेंगदाणे, कुणी पिठाची पिशवी. गुडघे टेकतात आणि तिला मान म्हणून टाळ्या वाजवतात. मुझोंडिवा धावत येतो, हात जोडतो.

"टाळ्या नका वाजवू हो. तिला सोसत नाही."

"म्हणजे मान द्यायचा नाही? तुम्ही बाप असून असं बोलता?"

भांडणारं कुणी असतं तर मी भांडले असते, भांडायला मी कुणाला ऐकत नाही. पण ती सगळी भली माणसं आहेत, प्रेमाने येतात, आणि याच्यावर काय करायचं ते मला कळत नाही. केरीना आत्या पुन्हा आली तेव्हा रेवाईसाठी उबदार नवी घोंगडी घेऊन आली. "पुढच्या वर्षी मोठं करू," म्हणाली. "चार म्बिरे आणू, चांगले झाकणांचे. नीट येऊ दे आईला."

मुझोंडिवा "हो" म्हणाला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "हो काय म्हणता? मारून टाकाल पोरीला!"

आत्या रागावली नाही. हळूच म्हणाली, "बाई, टाळ्या तुम्हीपण वाजवल्यात. मी बघत होते."

मी घरी निघून आले.

पहिल्या आठवड्यात त्याने कोठारासमोर बसून तीन ठोके मारले. आतून डोक्यावर तळहात बसल्याचा आवाज आला. त्याने पुन्हा ठोके मारले नाहीत. दुसऱ्या दिवशी न ठोकता वाजवून पाहिलं, तेच. प्रत्येक पट्टीखाली चिंधी घालून पाहिलं, तेच. मग तो माझ्या घराच्याही पुढे, खालच्या वळणापाशी जाऊन वाजवू लागला. दारात उभी राहून मला काही ऐकू येत नव्हतं. कोठारात तिला येत होतं. एका सकाळी तो पोत्यात गुंडाळलेला म्बिरा घेऊन माझ्याकडे आला.

"तुमच्याकडे ठेवा, बाई. घरात आहे हेसुद्धा तिला कळतं."

"अहो, पण तुम्ही केलात ना तिच्यासाठी?"

"मीच बोलावलं तिला," तो म्हणाला. "दुसऱ्या कुणी बोलावलं असतं तर ती आलीच नसती."

ठोके मारा असं कुणी सांगितलं होतं, ते तो बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. त्याला चार महिने झाले.

परवा संध्याकाळी मी गेले. मी आता फाटकाशी टाळी वाजवत नाही. तो बघेपर्यंत उभी राहते. तो कोठारासमोर बसला होता, मांडीवर नवी, कोरी फळी. तिच्यावर एकही पट्टी नव्हती. नुसत्या लाकडावर त्याचे अंगठे फिरत होते, आणि डावा कधी, उजवा कधी, यावरून मी ओळखलं की तीच ओळ आहे. मी दोन हातांवर जाऊन उभी राहिले, पण आवाज असा काही नव्हताच.

कोठाराचं दार वीतभर उघडं होतं. आत अंधारात रेवाई बसली होती आणि त्याच्या अंगठ्यांकडे टक लावून बघत होती. चार महिन्यांत दार उघडलेलं मी पहिल्यांदा पाहत होते. मला वाटलं, येईल आता. त्यालाही तेच वाटत असावं, कारण त्याने मान वर केली नाही. कितीतरी वेळ ती बघत राहिली. मग तिने दोन्ही हात सावकाश उचलले आणि कानांवर दाबून धरले. हेच हात एकदा मी खाली ओढले होते.

मुझोंडिवाने अंगठे उचलले. फळी जमिनीवर पालथी ठेवली आणि तिला दिसू नयेत म्हणून आपले दोन्ही हात मांड्यांखाली घेतले.